भरती होत होती, बढती अडत होती: एका एसओसीतल्या महिला ॲनालिस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांसाठी चोवीस तास सायबर देखरेख करते. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. देखरेखीचं काम एसओसीत, म्हणजे सुरक्षा देखरेख केंद्रात चालतं. प्रकरण सुरू झालं तेव्हा तिथे २२ माणसं होती: अलर्ट पहिल्यांदा पाहणारे १४ एल-वन ॲनालिस्ट, खोलात तपास करणारे ६ एल-टू आणि २ टीम लीड. यात महिला दोन, दोघीही एल-वन.

कंपनी हातावर हात धरून बसली होती असं नाही. सलग तीन वर्षं महिलांसाठी वार्षिक कार्यक्रम झाला होता. पाहुण्यांचं व्याख्यान व्हायचं, महाविद्यालयांत माहिती सत्रं व्हायची, कार्यालयात पोस्टर लागायची. एका पोस्टरवर संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग होत्या. वापरकर्त्याचं नेहमीचं वागणं नोंदवून ठेवायचं आणि त्यात फरक दिसला की खूण करायची, ही कल्पना त्यांनी १९८७च्या शोधनिबंधात मांडली. एसओसीत वाजणाऱ्या कितीतरी अलर्टच्या मुळाशी आजही तीच आहे. त्या पोस्टरखाली बसणाऱ्या चौदा जणांत दोन बायका होत्या, आणि पुढच्या वर्षी पोस्टर बदललं तरी आकडा तोच राहिला.

व्यवस्थापनाला मात्र हे दिसत नव्हतं. एचआरच्या अहवालात ‘सायबर विभागात ३२ टक्के महिला’ असं छापलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. विभागात ४१ माणसं होती आणि त्यांत १३ महिला. पण त्यातल्या ११ जणी नियमपालन, ऑडिट आणि कर्मचारी-प्रशिक्षण या गटांत होत्या. मोजणीची ही गंमत फक्त या कंपनीपुरती नाही. आयएससी-टू या संस्थेच्या जागतिक पाहणीत सायबर सुरक्षेतल्या महिलांचं प्रमाण २०१७ साली ११ टक्के होतं आणि पुढच्याच पाहणीत ते २४ टक्के झालं. एका वर्षात महिला दुपटीने वाढल्या नव्हत्या. आयटीतली जी माणसं कामाचा किमान चौथा हिस्सा सुरक्षेवर घालवतात, त्यांनाही या वेळी मोजणीत घेतलं होतं. ‘सायबर सुरक्षा’ म्हणजे कोणतं काम हे आधी ठरवल्याशिवाय टक्केवारी वाचण्यात अर्थ नसतो.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला सगळ्यांचं एकमत होतं: मुली अर्जच करत नाहीत. जुन्या नोंदी काढल्यावर ते अर्धंच खरं निघालं. आधीच्या चार वर्षांत सात महिला एल-वन म्हणून रुजू झाल्या होत्या आणि त्यातल्या पाच निघून गेल्या होत्या. पाचपैकी चौघी १४व्या ते २२व्या महिन्यादरम्यान गेल्या. तिघी कंपनीतच नियमपालन गटात गेल्यामुळे त्यांची नोंद ‘अंतर्गत बदली’ अशी झाली. कंपनी सोडणाऱ्यांच्या आकड्यात त्या आल्याच नाहीत, म्हणून ही गळती कोणी गळती म्हणून मोजलीच नाही.

चौदाव्या महिन्याच्या आसपास असं काय होतं? उत्तर टिकिटांत, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदीत सापडलं. एका टीम लीडने बारा आठवड्यांची सगळी टिकिटं काढली आणि कोणतं काम कोणाच्या नावावर पडलं ते मोजलं. दोन दिवसांचं काम होतं. एल-टूकडे चढवलेली गंभीर प्रकरणं ६१ होती. चौदापैकी दोघी, या हिशेबाने त्यांच्या वाट्याला आठ-नऊ यायला हवी होती. आली तीन.

आता बढतीचा नियम बघा. एल-टू होण्यासाठी २० गंभीर प्रकरणं हाताळलेली असावी लागत. उरलेल्या १२ पुरुषांकडे बारा आठवड्यांत ५८ प्रकरणं, म्हणजे प्रत्येकी पाचाला थोडी कमी. या वेगाने वीस प्रकरणं साधारण पन्नास आठवड्यांत होतात. महिलांकडे प्रत्येकी दीड, म्हणजे वीस व्हायला १६० आठवडे, तीन वर्षांहून जास्त. सोबत रुजू झालेला सहकारी वर्षभरात एल-टू होतो आणि आपली प्रकरणं सहा-सातावर अडकलेली असतात. मग चौदाव्या महिन्यात माणूस दुसरीकडे पाहू लागला तर त्यात नवल काय?

हे कोणी ठरवून केलं नव्हतं. दोन कारणं होती आणि दोन्ही चांगुलपणाच्या वेषात आली होती. पहिलं, फिशिंगची, म्हणजे फसव्या मेलची मेलबॉक्स. ग्राहकांचे कर्मचारी संशयित मेल पाठवतात. ती तपासून समजेल अशा भाषेत उत्तर द्यावं लागतं. दोघी नेटकं लिहायच्या, म्हणून मेलबॉक्स त्यांच्याकडे गेली आणि तिथेच राहिली. मासिक अहवालही पाठोपाठ आला. दुसरं कारण रात्रपाळीचं. महिलांना रात्रपाळीतून सूट होती, न मागताच दिलेली. पण हल्लेखोर कार्यालयीन वेळ पाळत नाहीत. ६१ पैकी ३८ प्रकरणं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत किंवा शनिवार-रविवारी घडली होती.

कोणते पर्याय तपासले

महाविद्यालयांतली सत्रं वाढवण्याचा प्रस्ताव सगळ्यात आधी आला आणि सगळ्यात आधी बाजूला पडला. आतून गळत असताना बाहेरून आणखी ओतण्यात अर्थ नव्हता.

दुसरा पर्याय बाहेरून होणाऱ्या भरतीत महिलांसाठी जागा राखून ठेवण्याचा. त्यावर बराच वाद झाला. विरोध तत्त्वाचा नव्हता. बढतीचं गणित तसंच राहिलं तर या जागांवर आलेल्याही दीड वर्षात जातील, हा मुद्दा होता. आधी आतली घडी बसवायची आणि मग यावर पुन्हा बोलायचं असं ठरलं. ते बोलणं पुढे राहूनच गेलं.

तिसरा पर्याय महिलांसाठी वीस प्रकरणांची अट दहावर आणण्याचा. तो लगेच फेटाळला गेला, कारण अट सैल करून बढती मिळालेल्या व्यक्तीवर रात्री दोन वाजता कोणी विसंबत नाही. पण या चर्चेतून एक कामाचा प्रश्न पुढे आला: वीसच का? वीस सारख्याच रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा हल्ला) अलर्टमधून जे शिकायला मिळतं त्यापेक्षा पाच वेगवेगळ्या प्रकारच्या घटनांतून जास्त मिळतं. आकडा काढून त्या जागी प्रकार आले: खात्याचा ताबा, मालवेअर, माहिती बाहेर जाणं, सर्व्हरवरचा शिरकाव आणि ग्राहकाच्या आतल्या माणसाचा गैरवापर. प्रत्येक प्रकारात एकदा मदतनीस म्हणून आणि एकदा नेतृत्व करून काम झालेलं हवं, आणि एल-टूने ते तपासून सही केलेली हवी. अट सगळ्यांना सारखीच, आणि आधीपेक्षा अवघड.

चौथा पर्याय कंपनीतल्याच हेल्पडेस्क, चाचणी आणि नेटवर्क गटांतून माणसं तयार करण्याचा. या गटांत महिला बऱ्याच होत्या. हाच निवडला गेला.

काय केलं

*जाहिरात आणि परीक्षा.* एल-वनच्या जुन्या जाहिरातीत ‘सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य’ असं लिहिलेलं होतं. या प्रमाणपत्रासाठी आठपैकी किमान दोन विषयक्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. पदवी किंवा मान्य प्रमाणपत्र असेल तर एक वर्ष कमी होतं. जिच्याकडे ते आहे ती एल-वनची नोकरी कशाला करील? जाहिरात प्रामाणिकपणे वाचणारा माणूस अशी ओळ पाहून अर्ज करत नाही, आणि न वाचता अर्ज ठोकणारा येतो. अटींची यादी चौदावरून पाचावर आली आणि पाळ्यांचं वेळापत्रक जाहिरातीतच छापलं गेलं.

मुलाखतीतली पोर्ट क्रमांक आणि टूलच्या नावांची फैर बंद झाली. सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. तिन्ही परीक्षकांनी आपापले गुण लिहून झाल्यावरच चर्चा करायची. आणि त्याआधी ४५ मिनिटांची कामाची परीक्षा.

परीक्षेत विंडोजच्या लॉगच्या, म्हणजे संगणकावर काय घडलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीच्या ५० ओळी द्यायच्या. त्यातल्या ३१ ओळी एकाच खात्याच्या फसलेल्या लॉगिनच्या, इव्हेंट ४६२५, बरोब्बर दर पंधरा मिनिटांनी. उरलेल्या १९ ओळी त्यांच्यात मिसळलेल्या: बाहेरच्या एका पत्त्यावरून वेगवेगळ्या खात्यांवर एकेक-दोनदोन फसलेले प्रयत्न, मग एका खात्याचं यशस्वी लॉगिन म्हणजे ४६२४, लॉगऑन टाइप १०, म्हणजे दुरून रिमोट डेस्कटॉपने. पुढे अकरा मिनिटांनी नवं खातं (४७२०), ते खातं ॲडमिन गटात (४७३२) आणि शेवटी सुरक्षा लॉग पुसल्याची नोंद (११०२). काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, पुढे कोणती माहिती मागवाल आणि ग्राहकाला पाच ओळींत काय कळवाल, एवढं लिहायचं.

खरा सापळा त्या ३१ ओळींत होता. प्रमाणपत्रं असलेल्या बऱ्याच उमेदवारांनी तोच हल्ला धरला, कारण ओळी जास्त होत्या. हेल्पडेस्कवरून आलेल्यांना ते पाहताक्षणी उमगलं. लॉगऑन टाइप ४, म्हणजे वेळ लावून ठेवलेलं काम. सबस्टेटसचा कोड सांगतो की पासवर्डची मुदत संपली आहे. आणि माणूस काही घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी चुकत नाही. बॅकअपचं काम ज्या खात्यावर चालतं त्याचा पासवर्ड कोणीतरी मुदतीत बदलायचा विसरला आहे. असले फोन त्यांनी रोज घेतलेले होते.

तरीही पहिल्या फेरीत हेच उमेदवार मागे पडले, कारण गुणपत्रिका चुकीची होती. शंभरपैकी तीस गुण मायटर ॲटॅक या हल्ल्यांच्या तंत्रांच्या यादीतले तंत्रक्रमांक लिहिण्यासाठी होते. ‘थोडेच पासवर्ड, पण खूप खाती, म्हणजे खातं लॉक होऊ नये याची काळजी घेतली आहे’ हे ज्याला कळलं, पण टी१११०.००३ हा क्रमांक आठवला नाही, त्याचे गुण गेले. क्रमांक तीस सेकंदांत शोधता येतो, समज नाही येत. गुणपत्रिका बदलून त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या.

*पूलवर्ग.* कंपनीतल्यांना दुसऱ्या गटांतून एसओसीत यायला पूल म्हणून १६ आठवड्यांचा वर्ग ठरला. सहा जागा, सगळ्यांसाठी खुल्या. अर्ज १९ आले, त्यात ११ महिलांचे. निवड सहाची झाली, त्यात चार महिला. पहिले चार आठवडे नेटवर्क आणि लॉग वाचन, पुढचे चार सराव-प्रयोगशाळा, शेवटचे आठ चालू पाळीत एल-वनच्या शेजारी बसून काम. आठवड्याचे आठ तास मूळ विभागाने मोकळे करायचे होते.

इथेच पहिली चूक झाली. आठ तास कागदावर सुटले, पण हेल्पडेस्कवरचं टिकिटांचं लक्ष्य तेवढंच राहिलं. मंडळी संध्याकाळी उरलेलं काम संपवून मग सराव करायला बसू लागली. पाचव्या आठवड्यात दोघांनी, एक महिला आणि एक पुरुष, वर्ग सोडला. दोघांच्याही अर्जात कारण ‘वैयक्तिक’ होतं. सहाव्या आठवड्यात लक्ष्य एक-पंचमांशाने कमी केलं आणि हेल्पडेस्कला एक कंत्राटी माणूस दिला. चौघांनी वर्ग पूर्ण केला आणि एल-वनची संख्या १८ झाली.

*कामाची वाटणी.* फिशिंग मेलबॉक्स आठवड्याच्या पाळीने सगळ्यांकडे फिरू लागली. नेहमीच्या उत्तरांचे साचे तयार झाले, म्हणजे ‘तिला चांगलं लिहिता येतं’ हे कारणच उरलं नाही. गंभीर घटनेचं नेतृत्व कोणी करायचं तेही यादीप्रमाणे ठरू लागलं. आधी ज्याचा आवाज मोठा तो ते घ्यायचा.

रात्रपाळीचा पेच

सगळ्यात जास्त वेळ यात गेला, आणि यातला पहिला निर्णय चुकला.

सूट एका फटक्यात काढून टाकली गेली. समानता म्हणजे सगळ्यांना सारखी पाळी, असा युक्तिवाद होता. तीन आठवड्यांत आधीच्या दोघींपैकी एकीने राजीनामा लिहून ठेवला, आणि एका पुरुष सहकाऱ्यानेही पाळी बदलून मागितली; त्याच्या घरी आजारी वडील होते. मग ध्यानात आलं की रात्र हा मूळ त्रास नव्हताच. पाळ्या बारा तासांच्या होत्या, रात्री सलग दोन आठवडे चालायच्या आणि रोस्टर शुक्रवारी लागायचं ते सोमवारपासून लागू व्हायचं. ज्याच्या घरी कोणी अवलंबून आहे, त्याला दोन दिवसांत काय व्यवस्था करता येणार?

नवी रचना अशी झाली. पाळी आठ तासांची. क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा, कारण शरीराला उलट फिरण्यापेक्षा ते सोपं जातं. सलग चारपेक्षा जास्त रात्री नाहीत. रोस्टर सहा आठवडे आधी. आपसांत अदलाबदल करायला परवानगी लागत नाही, नोंद केली की झालं. रात्री तिघांऐवजी चौघे, आणि परतायला वाहन सगळ्यांना.

हे आधी का जमलं नव्हतं तेही सांगायला हवं. आठ तासांच्या पाळ्या आणि प्रत्येकीत तिघे म्हटलं तरी आठवड्याला ६३ हजेऱ्या लागतात, आणि १४ माणसांच्या, प्रत्येकी पाच धरून, मिळून ७०. दोघे रजेवर गेले की घडी विस्कटते. रात्री चौघे धरले तर ७० लागतात. १८ माणसांच्या ९० होतात आणि वीस हजेऱ्यांची सवड राहते. रोस्टर सुधारायला माणसं लागतात आणि माणसं टिकवायला सुधारलेलं रोस्टर. पूलवर्गातले चौघे आले नसते तर हा पेच सुटला नसता.

रात्रीतून सूट आता कोणालाही अर्ज करून सहा महिन्यांसाठी मिळते. त्या काळात घडून गेलेल्या घटनांचे लॉग दिवसा पुन्हा चालवून तपास करायचा. एल-टूने सही केली की तो बढतीसाठी ‘मदतनीस’ म्हणून धरला जातो, ‘नेतृत्व’ म्हणून नाही. पहिले दोन अर्ज आले ते एका लहान बाळाच्या आईचा आणि वडील आजारी असलेल्या त्या सहकाऱ्याचा.

राजीनामा लिहिलेला होता तो पाठवला गेला नाही.

एक चूक आणि तिचा अहवाल

पूलवर्गातून आलेल्या एका ॲनालिस्टने चौथ्या महिन्यात संशयित संगणक नेटवर्कपासून तोडण्याऐवजी ग्राहकाचा बिलिंग सर्व्हर तोडला. दोन्ही नावांत शेवटचा एक अंक वेगळा होता. चाळीस मिनिटं बिलिंग बंद पडलं.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मूळ कारण लिहिलं होतं: ‘प्रशिक्षण अपुरे’. टीम लीडने आदल्या वर्षाचे अहवाल उघडले. अशीच चूक दोघा पुरुष ॲनालिस्टकडून झाली होती आणि दोन्हींकडे कारण ‘प्रक्रियेतील त्रुटी’ असं होतं. त्रुटी मान्य झाली होती, दुरुस्त मात्र झाली नव्हती. मसुदा बदलला. सर्व्हर तोडण्याआधी दुसऱ्या माणसाची मंजुरी सक्तीची झाली आणि टूलमध्ये सर्व्हर वेगळ्या रंगात दिसू लागले.

या प्रसंगाची थोडी जबाबदारी कंपनीच्या प्रसिद्धी विभागाकडेही जाते. चौघांच्या तुकडीतल्या तिघींचा फोटो ‘पहिली महिला तुकडी’ म्हणून सगळीकडे लावला होता. त्यातल्या दोघींना ते आवडलं नव्हतं. असा फोटो लागला की एकीची चूक ही उपक्रमाची चूक ठरते.

निष्पत्ती

अठरा महिन्यांनी एसओसीत २६ माणसं आहेत आणि त्यात सात महिला. आधीच्या दोघींपैकी एक अकराव्या महिन्यात नव्या निकषांवर एल-टू झाली; राजीनामा लिहून ठेवलेली हीच. दुसरी कंपनी सोडून दुसरीकडे घटना-प्रतिसाद गटात गेली. तक्त्यात ती गळती दिसते, पण ती सायबर सुरक्षेतच आहे, वरच्या पदावर. पूलवर्गाच्या पहिल्या तुकडीतल्या तिघी टिकून आहेत, दुसऱ्या तुकडीतून दोघी आल्या (त्यातली एक पहिल्या वेळी वर्ग सोडून गेलेली) आणि नव्या जाहिरातीतून एक.

ताज्या बारा आठवड्यांत गंभीर प्रकरणं ६९ होती. एल-वनमधल्या अठरापैकी सहा महिला, म्हणजे हिशेबाने त्यांच्या वाट्याला २३ प्रकरणं यायला हवी होती, २० आली. दोन्ही टीम लीड अजून पुरुषच आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

टिकिटांची मोजणी सगळ्यात आधी करायला हवी होती. दोन दिवसांचं काम तीन वार्षिक कार्यक्रमांनंतर झालं.

नियमपालन गटात गेलेल्या तिघींशी बोलणं सातव्या महिन्यात झालं. त्या शेजारच्याच मजल्यावर बसत होत्या. बारा तासांच्या पाळ्या आणि शुक्रवारचं रोस्टर या दोन्ही गोष्टी त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितल्या. हे आधी विचारलं असतं तर रात्रपाळीचा पहिला चुकीचा निर्णय टळला असता. तिघींपैकी एकीला परत यायचं होतं, पण तोवर तिथे तिची बढती झाली होती आणि एल-वनच्या पगारावर येणं तिला परवडणारं नव्हतं. आडव्या बदलीत पगार राखण्याची तरतूद नव्हती, आजही नाही.

मूळ विभागाचं लक्ष्य कमी झाल्याशिवाय पूलवर्ग सुरू करायला नको होता. आणि ग्राहकांसोबतच्या फोनवर एक जुनी खोड अजून शिल्लक आहे: नेतृत्व महिलेकडे असलं तरी ग्राहक शेजारच्या कनिष्ठ पुरुषाला प्रश्न विचारतो. आता टीम लीड पहिल्याच वाक्यात घटनेचं नेतृत्व कोणाकडे आहे ते नाव घेऊन सांगतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

टिकिटांची मोजणी आता दर बारा आठवड्यांनी होते. पहिल्या तुकडीतल्या तिघींचा अकरावा महिना चालू आहे. चौदावा अजून यायचा आहे.